न्यू जर्सीहून अल्बेनियात: दीड वर्ष, दोन घरं आणि माळ्यावरचा मिक्सर

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, अल्बेनिया (युरोपात, ग्रीसच्या शेजारचा छोटा देश) कशाला, त्यापेक्षा पुण्यालाच का नाही गेलात परत? तर ऐका. नवऱ्याला दमा, पुण्यात धूळ, मुलगा बॉस्टनला, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या फ्लॅटचे भाव ऐकले की न्यू जर्सीतलं आमचं एडिसन बरं वाटायला लागतं. नवऱ्याची नोकरी ५८ व्या वर्षी गेली, मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळणार ६५ ला, मधली सात वर्षं हेल्थ इन्शुरन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स भरण्यातच शिल्लक संपणार हे एका रविवारी कागदावर मांडलं तेव्हा दोघंही गप्प बसलो. नुसता प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ११ हजार डॉलर होता आमचा!

पोर्तुगाल बघून झालं, तिथे जायच्या आधीच व्हिसाची फाईल जाडजूड होते आणि लिस्बनची भाडी आता आपल्यासारख्यांची राहिली नाहीत. अल्बेनियाचं गणित सोपं आहे, अमेरिकन पासपोर्ट असेल तर अख्खं एक वर्ष व्हिसा नाही, परमिट नाही, अर्ज नाही, उतरायचं आणि राहायचं. एक मात्र नीट वाचा, हे अमेरिकन नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल तर हे वर्ष तुमचं नाही, तुमचा हिशोब ९० दिवसांचा, आणि नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाची साईट बघा, माझ्यावर विसंबू नका.

देश केवढा, तर २०२३ च्या जनगणनेत २४ लाख माणसं, म्हणजे साधारण पिंपरी-चिंचवडएवढा देश म्हणा. युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) नाही, चलनाचं नाव लेक, पण घरभाडं सगळे युरोत सांगतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेवार्क-इस्तंबूल-तिराना असे राजधानीत उतरलो, चार बॅगा. एअरपोर्टला मदर तेरेसांचं नाव आहे, त्या मूळच्या अल्बेनियनच ना. तिथून दुर्रेसला, समुद्रकाठी, कारण तिरानापेक्षा स्वस्त. आणि पहिल्या आठवड्यातच दोन फजित्या झाल्या.

पहिली घराची. एजंटबाईंना विचारलं, तो दोन खोल्यांचा फ्लॅट अजून रिकामा आहे का, बाईंनी मान आडवी हलवली. आम्ही बरं म्हणून निघालो, जिना उतरतोय तर बाई मागून हाका मारत पळत आल्या. इथे जुन्या पद्धतीनं मान आडवी हलवली म्हणजे हो, आणि मान वर झटकून च्क केलं म्हणजे नाही. तरुण पोरं आता कधी अशी हलवतात कधी तशी, त्यामुळे मानेकडे बघूच नका, शब्द ऐका, पो म्हणजे हो आणि यो म्हणजे नाही.

दुसरी भाजीची. म्हातारी भाजीवाली म्हणाली दोन हजार. टोमॅटो, मिरच्या आणि एक जुडी पालक, म्हणलं महाग आहे पण असेल, दोन हजाराची नोट दिली. तिने ती माझ्या हातात परत कोंबली, माझ्याच पाकिटात डोकावून दोनशे काढून घेतले आणि शेजारणीला सांगून दोघी खूप हसल्या. प्रकार असा की १९६५ मध्ये यांनी जुन्या दहा लेकचा एक नवा लेक केला, पण लोकांच्या तोंडात अजून जुनेच लेक आहेत, एक शून्य जास्त. माझी आजी मरेपर्यंत आण्यात बोलायची, तसंच. भाव अवाच्या सव्वा वाटला की मनात एक शून्य काढून बघा आणि मोठी नोट पुढे करायच्या आधी आकडा फोनवर टाईप करून दाखवा. रेस्टॉरंटच्या मेन्यूवर मात्र नवेच लेक असतात.

तेव्हापासून एक गोष्ट वारंवार लक्षात यायला लागली, इथे आम्हाला अमेरिकेतली तीस वर्षं फारशी उपयोगी पडत नव्हती, आमचं गावाकडचं कराड उपयोगी पडत होतं. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, नळाला कधी जोर असतो कधी नसतो, प्यायला विकतचं पाणी. पत्ता म्हणजे घर नंबर नाही, फार्मसीच्या मागची पिवळी बिल्डिंग, खाली न्हावी. छोट्या दुकानात कार्ड चालत नाही, घरमालक भाडं कॅशमध्येच मागतो. गावोगाव जायला फुर्गोन नावाच्या व्हॅन, आता कराड-पाटणच्या माणसाला हे काय समजवायचं, वडाप (शेअर जीप) आहे ते! भरल्याशिवाय हलत नाही, ड्रायव्हर गावाचं नाव ओरडत उभा, आणि वाटेत कुणाची तरी पिशवी कुणाला तरी द्यायला थांबणार. आमच्या ओळखीचं एक अमेरिकन जोडपं याच सगळ्याला वैतागून चार महिन्यांत परत गेलं. स्वभावाने फार चांगली माणसं, पण टाकी कधी बघितलेली नव्हती.

खर्च विचाराल तर दुर्रेसमध्ये भाडं ३५० युरो, आता तिरानात मध्यापासून जरा लांब ५२० युरो. भाजी, फळं, ऑलिव्ह तेल (गावातून पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये येतं, घ्याच), वीज, इंटरनेट, कॉफी, सगळं धरून महिन्याला दोघांचे सोळाशे-सतराशे डॉलर होतात, इन्शुरन्स वेगळा. पण दोन-चार वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघून हिशोब करू नका. आम्ही आलो तेव्हा डॉलरला शंभराच्या आसपास लेक मिळायचे, २०२५ च्या उन्हाळ्यात ८३-८४ वर आले, म्हणजे काही न करता आमचा लेकमधला खर्च डॉलरांत जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं वाढला. शिवाय जो अमेरिकेतलं चीज, मोठी गाडी आणि ड्रायर मागेल त्याला हा देश स्वस्त पडणार नाही, आयात केलेली प्रत्येक गोष्ट महाग आहे.

आता घराबद्दल, इथे नीट वाचा, आमचे पैसे इथेच गेले. समुद्रकाठचे फ्लॅट उन्हाळ्यासाठी बांधलेले असतात. ऑक्टोबरात ऊन, बाल्कनी, समोर निळा समुद्र, आपण खूष. नोव्हेंबरात पाऊस लागला की लागलाच, भिंती घाम गाळायला लागतात, कपाटामागे काळी बुरशी, सेंट्रल हीटिंग नावाची गोष्ट नाही, एसीवरच खोली गरम करायची. नवऱ्याच्या दम्यासाठी पुणं टाळलं आणि इथे बुरशीत राहिलो. शेवटी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशीन) घेतला, रोज बादली भरायची. म्हणून घर बघायचं तर पावसाळी दिवशी बघा, पलंगाच्या मागची भिंत हाताने चाचपून बघा. आणि २६ नोव्हेंबर २०१९ ला याच भागात ६.४ चा भूकंप झाला होता, ५१ माणसं गेली, तेव्हा बिल्डिंग कधीची, नंतर तिची तपासणी झाली का हे न लाजता विचारा. इथे कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

दुसरं म्हणजे जून. मे महिना लागला आणि घरमालकाला अचानक आठवलं की त्याच्या मेव्हण्याला फ्लॅट हवाय. मेव्हणा वगैरे कुणी नाही, टुरिस्ट येतात, आठवड्याला जेवढं मिळतं तेवढं आम्ही महिन्याला देत होतो. आमचा करार तोंडी, डिपॉझिट एक महिन्याचं, तेही बुडलं. करार बारा महिन्यांचा, लेखी आणि नोटरीसमोर करा, त्यात जून ते ऑगस्ट स्पष्ट लिहून घ्या. पुढे परमिटला अर्ज करायचा झाला तर तोच कागद लागतो. मग तिरानाला आलो आणि झालं ते बरंच झालं, घरं तुलनेनं कोरडी, ब्लोकू भागात कॉफी (एकेकाळी तिथे फक्त कम्युनिस्ट पार्टीचे नेते राहायचे, सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हतं), पझारी इ री म्हणजे नवीन बाजार चालत दहा मिनिटांवर, आणि संध्याकाळी जिरो. जिरो म्हणजे चांगले कपडे घालून नुसतं फिरायचं, आजी-आजोबांपासून बाबागाडीपर्यंत सगळे. पुण्यात तळजाईला फिरायला जातो ना आपण, तसंच, फक्त ट्रॅकसूट नको.

खायचं काय? शाकाहारी असाल तर पा मिश एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको. पालकाचं किंवा चीजचं ब्युरेक, फर्गेसा म्हणजे मिरच्या-टोमॅटो-चीज, वालासारखे बीन्स, भेंडी सुद्धा मिळते, तिला बाम्ये म्हणतात, एवढीशी बोटाच्या पेराएवढी. दही उत्तम. आणि ताक! खारं ताक बाटलीत विकत मिळतं, पहिल्यांदा प्यायलो तेव्हा नवरा म्हणाला आता इथून हलत नाही. कोथिंबिरीसाठी वणवण आहे, शेपू मात्र कुठेही.

पहिलं वर्ष संपत आलं की देशाबाहेर ९० दिवस राहायचं, मग परत नवीन वर्ष मिळतं. आम्ही सप्टेंबर २०२४ अखेरीस निघालो, दसरा-दिवाळी-लग्नं सगळं कराड-पुण्यात उरकून जानेवारीत परत आलो. आणि येताना आईच्या माळ्यावरून मिक्सर आणला. अमेरिकेत १२० व्होल्ट म्हणून तीस वर्षं तो तिथेच धूळ खात पडला होता, इथे २३० व्होल्ट, पिनेला अडॅप्टर लावला आणि पहिल्या फटक्यात चटणी! उलट न्यू जर्सीहून आणलेला इलेक्ट्रिक कुकर मी पहिल्याच दिवशी नुसता अडॅप्टर लावून सुरू केला होता, एक फट्ट आवाज, वास, संपला. अमेरिकेतून फक्त लॅपटॉप-फोनचे चार्जर आणा, बाकी उपकरणं पोरांना देऊन टाका.

कागदपत्रांचं भराभर सांगते. अमेरिकन नागरिक जगात कुठेही असो, उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर टॅक्स रिटर्न भरायचंच, आणि परदेशी खात्यांत मिळून कधीही १० हजार डॉलरच्या वर गेलात तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा, त्यात आपली भारतातली खातीसुद्धा धरायची, हे बरेच जण विसरतात. मेडिकेअर इथे चालत नाही. अमेरिकन फोन नंबर बंद करू नका, बँकेचे सगळे ओटीपी त्यावरच येतात, आम्ही स्वस्तातला प्लॅन ठेवलाय आणि वायफाय कॉलिंग. कार्डं दोन वेगवेगळ्या बँकांची ठेवा, एक एटीएमने गिळलं तर दुसरं. दरवेळी एटीएम फी घेतं, म्हणून एकदम मोठी रक्कम काढा. कायम राहायचं असेल तर पेन्शनवाल्यांसाठी आणि रिमोट काम करणाऱ्यांसाठी राहण्याचं परमिट आहे, त्याला एफबीआयचा (गुन्ह्यांच्या नोंदीचा) दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारून, लागतो, तो अमेरिकेत असतानाच कसा मिळतो ते बघून ठेवा, इथून फार वेळ जातो.

दातांचं काम इथे करून घ्या, इटलीहून लोक त्यासाठी येतात. नवऱ्याचा क्राऊन १८० युरोत झाला. मोठ्या आजारपणाचा अनुभव अजून आलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

आणि कोणी खरंच येणार असाल तर तूरडाळ, कांदा-लसूण मसाला आणि हिंग घेऊन या, जागा उरली तर थोडा आमच्यासाठीही. इडलीचं पीठ जानेवारीत इथे फुगत नाही, ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवा, सकाळपर्यंत होतं.