पाचव्या मात्रेवरचा स्नेअर

बँडमध्ये दुसऱ्याच्या जागी ड्रम वाजवताना कसं वाटतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गेली चार वर्षं कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतंच. "छान वाजवतोस रे, पण पहिल्यासारखं का नाही वाजवत?" पहिला म्हणजे आमचा आधीचा ड्रमर, नोकरीसाठी पुण्याला गेलेला.

१९७२ साली ड्रमर बिल ब्रुफर्ड 'येस' हा रॉक बँड सोडून 'किंग क्रिम्सन' या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला दौऱ्याआधी जेमतेम तीन दिवस मिळाले. सुरुवातीला मी हे सगळ्यांना ऐकवायचो. पण मला तीन महिने मिळाले होते, तेव्हा तो दाखला माझ्या बाजूने लागतच नाही.

खरं सांगायचं तर माझा पहिलाच कार्यक्रम. सात मात्रांचं गाणं. मी लहानपणी तबला शिकलोय, सात म्हटलं की माझ्या हातात रूपक तालच येतो: तीन-दोन-दोन. रिहर्सल अक्कलकोट रोडला, शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू. तिथे मी मुकाट्याने पहिल्याचीच वाटणी वाजवायचो, दोन-दोन-तीन. स्टेजवर मात्र वाटलं, आज आपलं वाजवू. मोजणीत काही बदलत नव्हतं, सातच्या सातच.

पण बासवाला मोजत नव्हताच. इतकी वर्षं तो पाचव्या मात्रेवरच्या स्नेअरला, म्हणजे ड्रमसेटमधल्या त्या कडक आवाजाच्या ड्रमच्या ठोक्याला, टेकून वाजवत आला होता. माझा स्नेअर चौथ्यावर पडला आणि तो एक मात्रा आधी आला. गिटार आपल्या जागी राहिली. कीबोर्ड थांबला. गाणाऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि समोरून पहिल्याचं नाव घेऊन कुणीतरी ओरडलं. ते आवर्तन सावरेपर्यंत माझ्या हातांना घाम सुटला होता. नंतर चहाच्या गाड्यावर गिटारवाला म्हणाला, "तुझं चुकलं नाही. पण आम्ही पडलो."

तेव्हा मी भांडलो. मोजायला शिका म्हणालो. आजही वाटतं, बरोबर होतं ते. पण सोबत वाजवणाऱ्याला न सांगता त्याचा आधार काढून घेतला, हेही खरंच. आता ती ओळ मी पहिल्यासारखीच वाजवतो. मान म्हणून की भीतीने, ते मला विचारू नका.

माइक मँगिनीचं मला जास्त लागतं. २०१० मध्ये ड्रमर माइक पोर्टनॉयने 'ड्रीम थिएटर' हा मेटल बँड सोडल्यावर त्याच्या जागी हा आला. पाच स्टुडिओ अल्बम वाजवले. बँडला पहिलं ग्रॅमी २०२२ मध्ये मिळालं, तेही त्यानेच वाजवलेल्या गाण्याला. २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला. ती बातमी वाचली त्या रात्री मी जागाच होतो.

आमचा पहिलाही दिवाळीला घरी येतो. रिहर्सलला डोकावतो. कुणी काही म्हणत नाही, तरी मी उठून स्टूल मोकळं करतो. तो बसतो, तीच ओळ सुरू होते आणि बासवाला डोळे मिटून घेतो.

माझ्या वेळी तो अजून माझ्या हाताकडे बघत असतो.