वादळ कळतं, मग पाऊस का नाही?

"दादा, वादळ कुठे धडकणार ते आधीच सांगता, मग आमच्या शिवारात किती पडेल ते का सांगत नाही?" नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडचे द्राक्षबागाईतदार दर वादळाला मला हेच विचारतात. हवामानाचे नकाशे बघून मी त्यांना फवारणीची वेळ सांगतो, म्हणजे उत्तर मलाच द्यायला हवं.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि रात्री आपल्या जिल्ह्यात आलं. अशा वादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. केंद्र नाशिकच्या उत्तरेने गेलं तर वारा पश्चिमेचा, समुद्राची वाफ घेऊन थेट घाटावर आपटणारा. दक्षिणेने गेलं तर तोच वारा पूर्वेचा. मार्ग चाळीस-पन्नास किलोमीटर सरकला, तर किनाऱ्यासाठी अंदाज बरोबरच असतो, पण इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस पार बदलून जातो.

पुढची गोष्ट थेंबाची. वर चढलेली हवा गार होते, ढग धरतो. पण तीन किलोमीटर उंचीवरचा थेंब जमिनीवर यायला सात-आठ मिनिटं लागतात. वारा ताशी साठचा असेल तर तेवढ्यात तो सात-आठ किलोमीटर पुढे गेलेला असतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या अलीकडे तयार झालेला पाऊस पलीकडे पडतो तो असा. आता अंदाजासाठी संगणक नकाशाच्या चौकटी पाडतो; त्यातली एक चौकट बारा किलोमीटरची असेल, तर डोंगर, दरी आणि हा सगळा प्रवास त्या एकाच चौकटीत. ब्रह्मगिरीचा कडा तिथे साधा उंचवटा होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाजाची प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीवर आली. हे मोठं काम आहे, मनापासून सांगतो. तरी आपल्या दऱ्या त्याहून अरुंद आहेत.

म्हणून मी एक आकडा सांगत नाही. सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून तेच वादळ संगणकावर अनेकदा चालवतात. त्यातल्या किती वेळा घाटमाथ्यावर जोर दिसला, ते मी सांगतो. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं पाणी नाशकात पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला कुठवर लागेल, हे घाटमाथ्यावरच ठरतं. आणि तिथेच मोजणारी माणसं कमी आहेत.

तुमच्या बागेत पर्जन्यमापक असेल तर सकाळी साडेआठला नळीतलं पाणी मोजा, तारीख घालून मला पाठवा. कोरड्या दिवशीचा शून्यसुद्धा.