टर्लिंग्वा: हिंगुळाचं गाव

"गाव केवढं आहे?" ह्यूस्टनहून निघताना आईने विचारलं. टेक्सासमधल्या टर्लिंग्वाला गाव म्हणावं का, इथूनच सुरुवात. ना नगरपालिका, ना महापौर. कारभार काउंटीचा, आणि काउंटीचं मुख्य ठिकाण अल्पाइन, सुमारे १३० किलोमीटर लांब. तिथे टाकी फुल करून घेतली. पुढे बराच वेळ मोबाइलला रेंज नाही, दुतर्फा काटेरी झुडपं.

मग माळावर छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसू लागल्या. शिकागोच्या हॉवर्ड पेरीने १९०३ मध्ये इथे चिसोस मायनिंग कंपनी काढली, पाऱ्यासाठी. पहिल्या महायुद्धात काडतुसांमुळे पाऱ्याला भाव आला, १९४२ मध्ये दिवाळं वाजलं.

"पारा खणून कसा काढतील?" आईचा प्रश्न रास्तच होता. खणून काढतात तो लाल दगड, सिनाबार. भट्टीत तापवला की पाऱ्याची वाफ निघते, ती थंड करायची. दुकानात एक तुकडा मांडला होता. आई वाकून बघत म्हणाली, "अगं, हा तर हिंगूळ! आजोबांच्या पोथीतली लाल अक्षरं ह्याचीच." मी सिनाबारवर पानंच्या पानं वाचून आले होते. हिंगूळ काही आठवला नव्हता.

हे दुकानही मुळात कंपनीचंच. मजूर बहुतेक मेक्सिकन. मजुरीत कुपनं मिळायची, ती इथेच खपवायची. भट्टीवरच्यांचे वाफेने दात पडायचे. मालकाचा बंगला मात्र वर टेकाडावर, आजही उभा.

खाली दफनभूमी. दगडांचे ढीग, त्यांवर लाकडी क्रॉस, कित्येकांवर नावच नाही. आईने सवयीने चपला काढल्या, तापलेल्या खडीचा चटका बसला तशा मुकाट्याने परत घातल्या. एका ढिगावर गंजकी नाणी होती. पर्स चाचपून तिनेही पंचवीस सेंटचं एक नाणं ठेवलं.

संध्याकाळी दुकानाच्या ओसरीवर सगळे चिसोस डोंगरांकडे तोंड करून बसतात, आम्हीही बसलो. शेजारचं स्टारलाइट थिएटर १९३० च्या दशकातलं. छप्पर गेल्यावर वरून चांदणं दिसायचं, म्हणून हे नाव. आता तिथे हॉटेल आहे. गावाची ख्याती चिली नावाच्या रश्श्याची, १९६७ पासून तो रांधायच्या स्पर्धा होतात, आता दर नोव्हेंबरात. त्यात बीन्स घातले की बाद! चिली म्हणजे फक्त मांस आणि मिरची.

"राजमा घातला असता तर मला तरी खाता आलं असतं," असं म्हणत आईने फ्राइज मागवले.