तुम्ही विचारलंत म्हणून : हौशी सामन्यात एवढे नियम कशाला?

बेसबॉलच्या हौशी सामन्यांत मी पंच म्हणून उभा राहतो हे कळले की ओळखीपाळखीचे लोक, आणि पुष्कळदा खेळाडू स्वतःही, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. ही माणसे आठवडाभर नोकरीधंदा करून सुट्टीच्या दिवशी मौजेखातर खेळायला येतात. पुढे निवड व्हायची नाही, मागे कोणी पैसे लावलेले नाहीत. मग नियमपुस्तकातले एकेक कलम लावण्याचा अट्टहास कशासाठी? थोडे सैल सोडले तर काय बिघडते? प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही खोट नसते, मात्र तो नुकताच आउट झालेला असेल तर सूर जरा वेगळा लागतो. दोन इनिंगच्या मधल्या वेळात या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून येथे देतो.

सैल मीही सोडतो, पण जेथे नियमानेच तशी जागा ठेवली आहे तेथे. इतरत्र सोडता येत नाही, कारण बेसबॉलमधल्या प्रत्येक निर्णयाला दोन बाजू असतात. रनरला (एका बेसवरून, म्हणजे ठाण्यावरून, पुढच्याकडे धावणाऱ्याला) सेफ म्हणणे म्हणजे त्याच क्षणी समोरच्या संघाचा एक आउट काढून घेणे. मी उदार झालो तर त्यासाठी लागणारी पदरमोड मला करावी लागत नाही, ती दुसऱ्या संघाला करावी लागते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

सर्वाधिक कुरकूर होते ती इन्फिल्ड फ्लायच्या नियमावरून. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, दोनपेक्षा कमी आउट झालेले आहेत, आणि बॅटरने मारलेला चेंडू असा उंच उडाला आहे की एखाद्या इन्फिल्डरला (बेसच्या आसपास उभ्या असलेल्या फिल्डरला) तो सामान्य प्रयत्नाने झेलता यावा, अशा वेळी चेंडू फेअर, म्हणजे खेळाच्या, हद्दीत असेल तर झेल होवो अथवा सुटो, बॅटर आउट असतो. सरळ वेगाने जाणारा लाइन ड्राइव्ह आणि बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलण्याचा) प्रयत्न यांना हे लागू नाही. नियम १८९० च्या दशकात आला आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. चेंडू हवेत असताना रनर झेलाच्या भीतीने बेस सोडू शकत नाहीत. अशा वेळी इन्फिल्डरने मुद्दाम चेंडू खाली पाडला तर बॅटर पहिल्या बेसकडे धावू लागतो, मागच्या रनरमुळे पुढच्यांना बेस सोडणे भाग पडते, आणि सोपा झेल न घेणाऱ्याला बक्षीस म्हणून दोन आउट मिळतात. ही लबाडी बंद करण्यासाठी बॅटरला आधीच आउट ठरवले आहे.

एका सामन्यात असाच चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) डोक्यावर चढला. मी हात वर करून इन्फिल्ड फ्लाय जाहीर केला. शॉर्टस्टॉप दोन पावले मागे गेला, एक पाऊल पुढे आला, ऊन डोळ्यांत घेऊन त्याने ग्लोव्ह उंचावला आणि चेंडू ग्लोव्हच्या मनगटाकडच्या भागावर आपटून गवतात पडला. चेंडू पडला की पळायचे या सवयीने दुसऱ्या बेसवरचा रनर तिसऱ्याकडे सुटला, कारण त्याचा सगळा बाक ‘पळ, पळ’ म्हणून ओरडत होता. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला. तेथल्या खेळाडूने तो झेलला, बेसवर पाय ठेवला आणि रनरला हातही न लावता डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) झाल्याच्या थाटात ग्लोव्ह उंचावला. रनर मागून घसरत आला. मी सेफ दिला, आणि दोन्ही कप्तान माझ्याकडे निघाले.

बॅटिंग करणाऱ्यांचे म्हणणे होते की झेल सुटला, तर बॅटर आउट कसा? फिल्डिंग करणाऱ्यांचे म्हणणे होते की बेसवर पाय पडला, तर रनर सेफ कसा? दोघांचेही उत्तर एकाच वाक्यात होते: बॅटर आउट झाल्यामुळे रनरवर पुढे जाण्याची सक्ती उरली नव्हती, म्हणून नुसता बेसवर पाय पुरेसा नव्हता, त्याला चेंडूने टॅग (स्पर्श) करणे आवश्यक होते, चेंडू मात्र जिवंत होता, म्हणजे खेळ चालूच होता, त्यामुळे रनर स्वतःच्या जोखमीवर पळाला आणि ती जोखीम फळली. आता मला सांगा, येथे सैल सोडायचे म्हणजे नेमके काय करायचे? बॅटरला जिवंत करायचे, तर रनर सक्तीने आउट होतो आणि फिल्डरच्या चुकलेल्या झेलातून गोंधळ वाढतो. दोघांनाही आउट द्यायचे, तर नियम ज्या लबाडीसाठी आला तिलाच मुभा मिळते. दोघांच्या मधले असे काही नसतेच.

या नियमातली खरी लवचिकता दुसरीकडे आहे, आणि ती टीका करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘सामान्य प्रयत्न’ म्हणजे काय, याची व्याख्या नियमपुस्तकाने दिली आहे: त्या लीगमध्ये, त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूचा प्रयत्न, आणि तोही मैदानाची व हवेची स्थिती लक्षात घेऊन. म्हणजे व्यावसायिक शॉर्टस्टॉप ज्या चेंडूखाली आरामात जाऊन उभा राहील, त्याच चेंडूसाठी हौशी खेळाडूला धापा टाकत पळावे लागत असेल, तर माझ्या सामन्यात तो इन्फिल्ड फ्लाय नाही. वारा सुटलेला असेल तर निकष आणखी बदलतो. खेळाडू कोणत्या दर्जाचे आहेत हे पाहण्याची सोय पुस्तकाने अशी आतच करून ठेवली आहे; तिच्यासाठी पुस्तक मिटावे लागत नाही.

स्ट्राइक झोनची, म्हणजे चेंडू ज्या जागेतून गेला तर बॅटरविरुद्ध स्ट्राइक मोजला जातो तिची, गोष्ट थोडी निराळी आहे. होम प्लेट (बॅटर जिच्यापाशी उभा राहतो ती पाटी) १७ इंच रुंद असते. वरची मर्यादा खांद्यांचा वरचा भाग आणि पँटची वरची कड यांच्या मध्यावर, खालची मर्यादा गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापाशी, आणि हे सारे बॅटर चेंडू मारण्याच्या पवित्र्यात उभा असताना मोजायचे. चेंडूचा कोणताही भाग या जागेच्या कोणत्याही भागातून गेला तरी स्ट्राइक. चेंडूचा व्यास तीन इंचांना किंचित कमी असल्यामुळे दोन्ही कडांना नुसता स्पर्श करून जाणारे चेंडू धरले तर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मिळणारी रुंदी जवळजवळ २३ इंचांची होते, हे बॅटरला कितीही सांगितले तरी पटत नाही. पिचरचे अंतर ६० फूट ६ इंच असते, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू ते सुमारे दोन तृतीयांश सेकंदात पार करतो. कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू धरणाऱ्याच्या) मागे, त्याच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीतून पाहत असताना चेंडू प्लेटवरून कोठून गेला हे ठरवायचे असते. कॅचरने तो कोठे धरला आणि धरल्यावर ग्लोव्ह किती सफाईने आत ओढला याला महत्त्व द्यायचे नसते. चेंडू ग्लोव्हमध्ये गेल्यावर क्षणभर थांबून निर्णय उच्चारण्याची शिस्त त्यासाठीच आहे, कारण घाईने तोंडातून निघालेला शब्द डोळ्यांनी पाहिलेले खोडून टाकतो.

या बाबतीत मी कडेच्या चेंडूंवर संशयाचा फायदा पिचरला देतो. हौशी पिचरच्या हातात अचूकता कमी असते. प्रत्येक संशयास्पद चेंडू बॉल (झोनबाहेरचा) ठरवला तर चार बॉलवर बॅटर पहिल्या बेसकडे चालत जातो, त्याच्यामागे दुसरा चालत जातो आणि सात जण उभ्या जागी आळस देत राहतात. कोणी म्हणेल की झोनही नियमच आहे, मग येथे हात सैल का? उत्तर असे की झोनची रेषा मी हलवत नाही. चेंडू रेषेला लागला की नाही हे डोळ्यांना खात्रीने सांगता येत नाही तेव्हा कौल कोणाकडे झुकवायचा एवढेच ठरवतो, आणि ते दोन्ही पिचरसाठी, पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत तसेच ठेवतो. शेवटच्या इनिंगमध्ये धावसंख्या बरोबरीत असताना अचानक आखडणारा झोन खेळाडूंना रुंद झोनपेक्षा अधिक चीड आणतो, आणि त्यांची चीड योग्य असते.

धावणारा आणि चेंडू एकाच वेळी बेसवर पोहोचले तर रनर सेफ, अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे. अशा शब्दांत लिहिलेला नियम पुस्तकात नाही. बॅटरबाबत असे म्हटले आहे की तो पहिल्या बेसला पोहोचण्यापूर्वी बेस किंवा तो टॅग झाला तर आउट. सक्तीने पुढे जाणाऱ्या रनरबाबत मात्र असे की तो फिल्डरच्या आधी पुढच्या बेसला पोहोचला नाही तर आउट. शब्दशः घेतले तर बरोबरी पहिल्या बेसवर एका बाजूला जाते आणि दुसऱ्या बेसवर दुसऱ्या बाजूला. व्यवहारात पंच पाय पाहतो आणि कान चेंडूच्या ग्लोव्हमधल्या आवाजाकडे लावतो; दोन्ही अगदी एकाच क्षणी झाले असे मला तरी वाटत नाही, एक काहीतरी आधी असतेच.

पंचाने गप्प राहण्याचे जे नियम आहेत ते मात्र लोकांना सर्वांत जास्त खटकतात. रनर दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळून तिसऱ्यावर गेला, हे मला स्वच्छ दिसले तरी मी काही बोलायचे नसते. फिल्डिंग करणाऱ्या संघाने पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी अपील केले तरच मी निर्णय देतो. नाही केले तर त्याचे तिसऱ्यावर जाणे वैध. बॅटिंगचा क्रम चुकला तरी हेच. ‘तुम्हाला दिसले होते तर सांगितले का नाहीत?’ असे मला सामना संपल्यावर विचारले जाते. क्रिकेट जाणणाऱ्यांना हे पटवणे सोपे जाते, कारण तेथेही अपील आल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. चूक ओळखणे हे खेळाडूच्या कौशल्यात मोडते, आणि ते काम पंचाने केले तर जागरूक संघाला काही मिळतच नाही. हौशी संघ अजाण असतात म्हणून त्यांना मी खूण करावी, ही अपेक्षा आली की मी पुन्हा विचारतो, कोणत्या संघाला?

अडथळ्याच्या नियमात हेतू पाहिला जात नाही, हे सांगताना मी २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (अमेरिकेतल्या मेजर लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेतल्या) तिसऱ्या सामन्याचा दाखला देतो. नवव्या इनिंगमध्ये ४-४ अशी बरोबरी असताना बोस्टनचा तिसऱ्या बेसचा खेळाडू विल मिडलब्रुक्स सुटलेल्या फेकीसाठी झेपावून जमिनीवर पडला होता. सेंट लुइसचा अ‍ॅलन क्रेग होमकडे जाताना त्याच्या अंगावरून अडखळला. पंच जिम जॉइस यांनी अडथळा दिला, क्रेगला होमवर टॅग केल्यानंतरही धाव मंजूर झाली आणि सामना तेथेच संपला. मिडलब्रुक्सने मुद्दाम काही केले नव्हते असे पुष्कळांना वाटले, आणि तसे असले तरी निर्णय बदलत नव्हता. चेंडू हातात नसलेला आणि त्या क्षणी चेंडू अडवण्याच्या कृतीत नसलेला फिल्डर रनरच्या वाटेत आला एवढे पुरते. पहिल्या बेसवरचा हौशी फिल्डर तर अर्धा वेळ वाटेतच उभा असतो, कारण कोठे उभे राहायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

वाद झालाच तर मी आधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहतो. चेंडू फेअर होता की फाऊल, स्ट्राइक होता की नाही, रनर सेफ की आउट, हे माझ्या नजरेचे निर्णय. त्यांवर हरकत घेता येत नाही. मी नियमच चुकीचा लावला असे कप्तानाला वाटत असेल तर मात्र तो येऊन विचारू शकतो, आणि विचारलेच पाहिजे. दुसऱ्या पंचाला पाहिजे ते दिसले असेल असे वाटले तर मी त्याच्याकडे जातो. तो आपण होऊन माझा निर्णय बदलायला येत नाही. अवघड प्रश्नावर पुस्तक उघडून दहा मिनिटे खेळ थांबला तरी चालेल, असे पंचांना दिलेल्या सूचनांतच लिहिले आहे, म्हणून पुस्तक माझ्या बॅगेत असते आणि ते काढण्यात मला कमीपणा वाटत नाही.

सैल सोडण्याची खरी वेळ सामन्याआधी असते. होम प्लेटपाशी दोन्ही कप्तान आणि पंच जमतात तेव्हा जाळीखाली अडकलेल्या चेंडूवर किती बेस द्यायचे, कॅचरसाठी बदली रनर चालेल का, फरक फार मोठा झाला तर सामना आटोपता घ्यायचा का, हे सारे ठरवता येते. नवखे संघ असतील तर कॅचरच्या हातून निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटरने धावण्याचा नियमही दोघांच्या संमतीने बाजूला ठेवायला माझी ना नसते. धडकांच्या बाबतीत मात्र मी संमतीही ऐकत नाही. २०११ मध्ये होम प्लेटवरच्या धडकेत सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी याचा पाय मोडला आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. २०१४ पासून मेजर लीगने कॅचरच्या अंगावर मुद्दाम जाणे आणि चेंडू हातात नसताना कॅचरने वाट अडवणे, या दोन्हींवर बंधन घातले. माझ्या मैदानावरच्या कॅचरला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते आणि त्याच्या गुडघ्याचा विमा कोणी उतरवलेला नसतो. ‘आमचे काही म्हणणे नाही, आम्ही असेच खेळतो’ असे दोन्ही कप्तान हसत सांगतात, मी नाही म्हणतो, आणि त्यावरून आजवर कोणीही खेळायचे थांबलेले नाही.