साथीत पाळ्या कशा लावायच्या: पंप, चावी, ड्रेनेज आणि पवडी

साथ आली की महापालिकेत पहिला आदेश निघतो तो हजेरी निम्म्यावर आणण्याचा. टेबलाच्या कामाला तो चालतो. पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि पवडीत (रस्ते-बांधकामाच्या विभागात) निम्मी माणसं घरी बसवून भागत नाही. तिथे बघायचं ते एवढंच, की कोण कोणाबरोबर बसतो, एका गाडीतून जातो, एका डब्यातलं खातो. एक पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या संपर्कातले सगळे क्वारंटाइन. संपर्कात दोघेच असतील तर काम चालतं, दहा असतील तर पंप बंद.

नदीतून पाणी उचलणाऱ्या उपसा केंद्राचंच घ्या. कोल्हापूरचं शिंगणापूर असो की बालिंगा, साधारण मांडणी अशी धरा: आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रत्येकीत ऑपरेटर आणि मदतनीस, आणि सुट्ट्या भरायला एक बदली माणूस. सहा जणांच्या आठवड्याला सहा सुट्ट्या, म्हणजे हा बदली माणूस आठवड्याभरात तिन्ही पाळ्यांतल्या माणसांबरोबर बसून येतो. कागदावर तो सगळ्यात सोयीचा, साथीत सगळ्यात धोक्याचा. त्याचं हे फिरणं आधी बंद करा.

त्याऐवजी चार जोड्या करा आणि बारा तासांच्या दोन पाळ्या लावा. पहिली जोडी दिवसा, दुसरी रात्री, सलग सात दिवस. पुढचे सात दिवस तिसरी-चौथी. आठवड्याला ८४ तास भरतात, पुढचा आठवडा रिकामा, सरासरी ४२. सात माणसांच्या जागी आठ लागतात, एवढाच जादा खर्च. कोरोनात लागण झाल्यापासून बहुतेकांना लक्षणं पाच-सहा दिवसांत दिसली, त्यामुळे सुट्टीचा आठवडा आपोआप चाळणीचं काम करतो. बारा तासांचा आदेश मात्र लेखी हवा आणि जादा तासांचं काय ते त्यातच लिहिलेलं हवं. तोंडी आदेशावर बारा तास राबलेल्या माणसाचं बिल पुढे ऑडिटमध्ये अडकतं.

पाळी बदलताना दोन्ही जोड्या पॅनलसमोर गोळा होतात, ते बंद करायचं. जाणाऱ्याने अ‍ॅम्पिअर, व्होल्टेज, संपची (पाणी साठवायच्या टाकीची) पातळी आणि क्लोरिनचा डोस वहीत लिहावा, बाहेर यावं आणि बोलायचं ते अंगणात उभं राहून बोलावं. वही पुसत बसायची गरज नाही, हात धुतले की झालं.

क्लोरिनवर वेगळं लक्ष हवं. ९०० किलोच्या टनरजवळ (क्लोरिनच्या मोठ्या सिलिंडरजवळ) एकटा माणूस कधीच नको, म्हणून माणसं कितीही कमी असली तरी जोडी तोडायची नाही. त्यात कोरोनात अनेकांना वास येईनासा होतो. ज्याला वास येत नाही त्याला गळती कळणार कशी? त्यामुळे पाळीला बसण्याआधी ताप बघता तसं वासाचंही विचारा, आणि जॉइंटला अमोनियाचा बोळा लावून पांढरा धूर येतो का हे दर पाळीला बघायची सवय लावा. ड्रेनेजच्या माणसालाही हेच लागू, फक्त तिथे नाकावर एरवीही भरवसा नको. मैल्यातला वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो.

पाण्याच्या लाईनचे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या चावीवाल्यांची गोष्ट जास्त अवघड, कारण त्यांचं काम कागदावर नसतंच. कुठल्या चावीला किती आटे (फेरे), कुठली उलटी उघडते, पेठेतली पूर्ण सोडली तर चढावरच्या गल्लीत थेंब येत नाही, हे सगळं एकाच्या डोक्यात. तो चौदा दिवस घरी बसला की नवखा माणूस अंदाजाने चावी फिरवतो, झटक्यात बंद करतो, पाण्याचा दणका बसतो आणि जुनी लाईन फुटते. मग गळती काढायला पवडीची सहा माणसं एका खड्ड्याभोवती. म्हणून साथीची चाहूल लागली की पहिल्याच आठवड्यात चावीवही करून घ्या: चावीचा नंबर, चेंबर नेमकं कोणाच्या दारात आहे, उघडायची दिशा, एकूण आटे, रोज किती आट्यांवर ठेवायची, वेळ. सोबत मोबाईलवर चेंबरचा फोटो. निवृत्त चावीवाले यासाठी सोनं आहेत, पण त्यांना कामावर बोलवू नका. वय साठीच्या पुढचं असतं, फोनवरच विचारा.

पवडीच्या लोकांना अशा वेळी बांबू आणि पत्रे देऊन प्रतिबंधित क्षेत्र बांधायला पाठवतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहार मारताना घराकडे जाणारी सर्व्हिस लाईन फुटते, आणि बांबू नेमका चावीच्या चेंबरवर येतो. मग चावीवाला पत्र्याच्या अलीकडे, चावी पलीकडे आणि अख्ख्या गल्लीचा पाण्यासाठी ओरडा. आखणीला चावीवाल्याला बरोबर न्या आणि अग्निशमनचा बंब जाईल एवढं एक तोंड उघडता येण्याजोगं ठेवा.

कचऱ्याच्या टिपरवर ड्रायव्हर आणि मदतनिसाची जोडी कायम ठेवायची, गाडीही तीच. विलगीकरणातल्या घरांचा कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळ्या गाडीने. तो टिपरमध्ये मिसळायचा नाही. इतर घरांतले मास्क-हातमोजे कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मगच द्यायचे, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सांगणं होतं, पण गल्लीत ते कोणी समजावून सांगितलं नाही. दवाखान्यातले पातळ हातमोजे सफाईला देऊ नका, मॅनहोलच्या झाकणाला पहिल्या झटक्यात फाटतात. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, गमबूट आणि चेहऱ्यावर शिल्ड पुरे. मे महिन्यात अख्खं पीपीई घालून ड्रेनेजवर माणूस उभा केला तर तो उन्हाने पडेल. माणसं कमी आहेत म्हणून कोणाला मॅनहोलमध्ये उतरवायचं तर अजिबात नाही, हाताने मैला काढायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा साथीतही लागू असतो. पाण्याच्या जोराने लाईन मोकळी करणारी जेटिंगची गाडी येईपर्यंत चोकअप थांबेल.

फवारणीवर वाया गेलेले तास मोजले तर वाईट वाटेल. रस्ता धुऊन साथ थांबत नाही, आणि माणसांवर फवारू नका असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. दाराच्या कड्या, नळाची चावी, सार्वजनिक संडास एवढ्यालाच १ टक्का द्रावण: ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक लिटरला चार लिटर पाणी, २५ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर १० लिटरला ४०० ग्रॅम. रोज ताजं. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो. अ‍ॅसिड जवळपासही नको.

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि शेणी (गोवऱ्या) लोक दान देतात. साथीत तिथल्या माणसांना वेगळी तुकडी समजा, दुसरीकडे हलवू नका. शेणी पावसाआधीच छपराखाली भरून ठेवा. राखेतून लागण होत नाही हे केंद्राच्या सूचनेत स्पष्ट होतं. हे नातेवाइकांना आधीच सांगितलं तर रक्षा सावडण्यावरून होणारे वाद टळतात.

थांबवायचं काय? मीटर रीडिंग, नवी कनेक्शन, नवी खुदाई. मात्र जुने चर बुजवल्याशिवाय काम थांबवू नका. नालेसफाई थांबवायची नाही. डांबरीकरण चुकलं तर दिवाळीपर्यंत मुरूम-खडीवर निभावता येतं, जयंती नाला तुंबला तर निभावत नाही.

आता पैशाचं, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. ठेकेदाराकडच्या माणसाला हजेरी नाही तर पगार नाही. तो ताप लपवून येणारच, आणि यात त्याचा दोष नाही. क्वारंटाइनचे दिवस मस्टरवर हजर धरायचे, ते ठेकेदाराच्या बिलात मान्य करायचे, आणि हे मुकादमाने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. एवढं केलं नाही तर वरच्या सगळ्या जोड्या कागदावरच राहतात.

आणि पंचगंगा. जुलै २०२१ मध्ये साथ चालू असतानाच पूर आला, २०१९ सारखीच उपसा केंद्रं पाण्यात गेली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मोटारी आणि पॅनल उचलायला जास्त माणसं लागतात आणि तेव्हा जोड्यांचा हिशेब मोडतो, हे गृहीत धरा. म्हणून उचलण्याचं काम इशारा पातळीच्या आधी, सुट्टीवरच्या एकाच जोडीला आणि बाहेरच्या क्रेनवाल्याला द्या. कामावरची जोडी शेवटपर्यंत पंप चालवेल. पाणी ओसरल्यावर वाइंडिंग वाळवून आणि मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही. तोवर टँकर: १०,००० लिटरला २५ टक्क्यांची ८० ग्रॅम पावडर बादलीत कालवून वरची निवळी टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग पाण्यात क्लोरिन उरलाय का हे बघायची ओटी टेस्ट. नळी पिवळी झाली तरच पाणी सोडायचं.