सरासरी बरोबर होती

आमच्या डायपरची तक्रार डिस्ट्रिब्यूटरकडून आली. धुळ्यातल्या एका घरात आजोबा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं सून करते. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले होते, एक भिजलेल्या चादरीचा आणि एक आमच्या पाकिटावरच्या बॅच नंबरचा. खाली लिहिलं होतं, ‘एकाच पाकिटातला एक रात्रभर टिकतो, दुसरा तासाभरात गळतो. असं का?’

मी नाशिक भागातल्या एमआयडीसीत, मोठ्या माणसांचे डायपर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. ‘डायपर गळतो’ ही तक्रार आम्हाला नवी नाही. बहुतेक वेळा साइज चुकलेला असतो, नाहीतर टेप सैल लावलेली असते. पण इथे ‘एकाच पाकिटातला’ हा शब्द होता. माणूस तोच, साइज तोच, बांधणारे हात तेच, आणि तरी दोन डायपर दोन तऱ्हेनं वागत होते. हे बांधण्यातलं नव्हतं, कोअरमधलंच काहीतरी होतं.

कोअर म्हणजे डायपरच्या मधली गादी. बाकीचं सगळं, म्हणजे वरचं मऊ कापड, खालची फिल्म, इलॅस्टिक, टेप, हे त्या गादीला जागेवर धरण्यासाठी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाइनचा लगदा जाड कागदाच्या रोलसारखा येतो. हॅमरमिल तो झोडपून त्याचा कापूस करते, त्याला आम्ही फ्लफ म्हणतो. हा फ्लफ हवेबरोबर उडत फिरत्या ड्रमवर जातो. ड्रमला जाळीचे साचे असतात आणि आतून हवा ओढलेली असते, त्यामुळे साच्यात थर बसतो. बसता बसताच त्यात सॅपचे दाणे सोडतात. सॅप म्हणजे सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट. फ्लफ लघवी पटकन ओढून पसरवतो, पण दाब पडला की सोडून देतो. धरून ठेवतं ते सॅप.

सॅपबद्दल एक गोष्ट लोकांनी नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. विकणारे ग्लासात साधं पाणी ओततात, चिमूटभर पावडर टाकतात, ग्लास उलटा करतात आणि थेंबही पडत नाही. शुद्ध पाण्यात सॅप वजनाच्या शेकडो पट फुगतं हे खरंच. पण लघवीत क्षार असतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात हाच आकडा तीस ते पन्नास पटीच्या आसपास येतो, आणि वर माणसाचं वजन असेल तर त्याहूनही खाली. अंथरुणावरचा माणूस त्या गादीवर तासन्‌तास पडून असतो. म्हणून साध्या पाण्याचा प्रयोग मी कुणाला दाखवत नाही आणि कुणी दाखवला तर मानत नाही.

त्या बॅचची राखून ठेवलेली पाकिटं काढली. वजनं बरोबर. आयएसओ ११९४८-१ या चाचणीच्या मानकाप्रमाणे अख्खा डायपर मिठाच्या पाण्यात बुडवून, निथळून, पुन्हा वजन केलं. तेही बरोबर. प्रॉडक्शनचे सर म्हणाले, “मॅडम, सगळं स्पेकमध्ये, ठरलेल्या मापात आहे. एका बाईच्या तक्रारीवर किती वेळ घालवायचा?”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कागद त्यांच्या बाजूनं होता. पण बुडवून केलेल्या चाचणीत पाणी चहूबाजूंनी आत शिरतं. किती मावलं ते कळतं, दाणे कुठे आहेत ते कळत नाही. एकेका डायपरचं वजन पाहिलं तरी फ्लफ स्वतःच काही ग्रॅम इकडेतिकडे होतो, त्यात सॅपचा फरक बुडून जातो.

मग मी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मागवला. आमच्या भागात तो मिळायला काहीच अडचण नाही, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी नेतात, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात असतो. मोरचुदाचं पाणी कोअरवर फवारलं की सॅपचे दाणे तांबं धरतात आणि गडद निळे होतात, फ्लफ जेमतेम निळसर राहतो. एका पाकिटातले दहाही डायपर काढले, क्रम न बदलता टेबलावर ओळीनं मांडले, वरचं कापड सोलून काढलं आणि फवारा मारला.

पहिले तीन जवळजवळ पांढरे. इथे एक दाणा, तिथे दोन. चौथ्यात थोडे. पाचव्यात मधोमध तळहाताएवढा गर्द निळा डाग, दाण्याला दाणा चिकटलेला. सहाव्यातही तसाच. सातव्यापासून पुढे हवं तसं, सगळीकडे सारखं.

सर बराच वेळ टेबलापाशी उभे राहिले. मग स्वतःच दुसरं पाकीट फोडायला घेतलं.

दोन्ही प्रकारचे डायपर गळणारच होते. पांढऱ्यात नुसता कापूस, कूस वळली की पिळून बाहेर. आणि निळ्या डागाचं तर आणखी वाईट. तिथले दाणे पहिल्याच वेळी फुगून एकमेकांना भिडतात, त्यांचा चिकट थर होतो, दुसऱ्यांदा आलेली लघवी त्या थराखाली उतरतच नाही. मांडीच्या कडेनं वाहते. तो निळा कोअर चिरून पाहिला तर खालचा फ्लफ कोरडा होता.

आता हे होत होतं कुठे? उत्तर मिळालं हॉपरवर, म्हणजे सॅप ओतायच्या मोठ्या नरसाळ्यावर, काम करणाऱ्या काकांकडून, आणि तेही मी सकाळऐवजी रात्रपाळीला जाऊन उभी राहिले म्हणून. आषाढ होता, शेडमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. सॅपची जंबो बॅग तोंड उघडं ठेवून हॉपरवर टांगलेली. काकांच्या हातात लाकडी हातोडा होता.

“हे कशाला, काका?”

“ताई, पावसाळ्यात माल अडतो. दोन ठोके दिले की सुटतो. दरवर्षीचंच आहे.”

सॅप हवेतलंही पाणी ओढतं. ओलसर दाणे हॉपरच्या निमुळत्या तोंडाशी एकमेकांना धरून कमान करतात. खाली येणारा माल कमी झाला की फीडर, म्हणजे माल मोजून स्क्रूनं पुढे ढकलणारं यंत्र, ते वजनावरून ओळखतो आणि स्क्रूचा वेग वाढवतो. तेवढ्यात हातोडा पडतो, कमान कोसळते आणि वेगात फिरणारा स्क्रू सगळा ढीग एकदम ड्रमवर लोटतो. मग फीडर पुन्हा वेग कमी करतो. तासाचा हिशेब काढला तर सॅप ठरल्याइतकंच गेलेलं, स्क्रीनवर हिरवा दिवा. पण आमची लाइन मिनिटाला दीडशे नग काढते. चार सेकंदांची गडबड म्हणजे एक अख्खं पाकीट, आणि ते पाकीट कुणाच्या तरी घरी जातं.

काकांना कुणीही बोलायचं नाही, हे मी त्याच रात्री लेखी घातलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

बॅच होल्ड झाली. आधी सुचवलं गेलं की चांगली पाकिटं निवडून काढू. पाकीट न फोडता निवडणार कसं, याला उत्तर नव्हतं, म्हणून सगळा माल मोडीत काढला. सॅपच्या खोलीला डीह्युमिडिफायर बसला. बॅगचं तोंड आता हॉपरला बांधलेलं असतं, आणि हॉपरमधल्या मालाबद्दल सूचना देणारा सेन्सर लागला आहे.

धुळ्याच्या ताईंना मी स्वतः फोन केला. कारण सांगितलं, नवी पाकिटं पाठवली. त्यांनी विचारलं, पाठीला लाल चट्टा आलाय, तो यामुळेच का? मी म्हटलं, ओल राहिली की कातडी नरम पडते, लघवीचा अमोनिया होतो आणि ती आणखी सोलवटते. पण दाबानंही चट्टा येतो, तेव्हा डॉक्टरांना आजच दाखवा, आमच्या पाकिटाची वाट बघू नका.

तेव्हापासून प्रत्येक पाळीत लागोपाठचे दहा नग फोडून मोरचूद मारतो. विखुरलेले दहा नाहीत, लागोपाठचेच. अकाउंट्सकडून दर महिन्याला विचारणा येते, की निदान उन्हाळ्यात तरी हे थांबवता येईल का. मी नाही म्हणते. उन्हाळ्यात फ्लफ कोरडा पडतो, त्यात स्थिर वीज येते, दाणे पाइपच्या भिंतीला चिकटतात आणि गठ्ठ्यानं सुटतात. वाटप तेव्हाही बिघडू शकतं, फक्त वेगळ्या वाटेनं.