चिमटा बदलला, कॅफे रेसर अजून वहीतच

जुन्या स्प्लेंडरची कॅफे रेसर (खाली हँडल, सपाट सीट, जुन्या रेसच्या गाड्यांसारखी) करायला घेतलीय, त्या कामाची ही तिसरी नोंद. मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं, दिवाळीला गाडी रस्त्यावर काढतो म्हणून. दिवाळी गेली, तुळशीची लग्नं लागली, आणि आज गाडीला मागचं चाकसुद्धा नाही. तरी मी खुशीत आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, पलूसकडच्या एका दूधवाल्याकडून घेतलेली. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली होती, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याने समोर बसून सह्या केल्या, म्हणून घेतली. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, एवढंच सांगतो. जागा म्हणजे सांगलीत आमच्या घरामागचं पत्र्याचं शेड. अनुभव शून्य. मी शीतगृहात हिशेब लिहितो. बेदाणा आणि हळदीची पोती मोजणारा माणूस.

पहिली चूक आधी कबूल करतो. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी क्लिप-ऑन हँडल मागवली, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर आवळायची दोन सुटी हँडल. त्या नळीचा व्यास मोजलाच नाही. हँडल आली ती नळीवर सैल, वाटीत खुळखुळा फिरावा तशी. आता ती खिळ्याला टांगून ठेवलीत, आई त्यावर फडकी वाळत घालते. व्यास मोजायचा व्हर्नियर आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक होता होता राहिली. मागचा कॅरिअर आणि कॅन अडकवायचे आकडे चेसीला वेल्डिंग केलेले होते. ते कापायला ग्राइंडर लावला, आणि पत्रा तापल्यावर शेडभर जळक्या दुधाचा वास सुटला. वीस वर्षांचं सांडलेलं दूध सांध्यासांध्यांत वाळून खडी साखरेसारखं घट्ट बसलं होतं. आकडे निघाले. हात गरम होता, म्हणून सीटमागची चेसी तिथेच छाटून लूप, म्हणजे वाकवलेली गोल नळी, वेल्डिंगने बसवायचं ठरवलं, खडूने खूणही केली. तेवढ्यात कुपवाड एमआयडीसीत लेथ चालवणारे आमचे तात्या चहाला आले. त्यांनी खूण बघितली, गाडी स्टँडवरून खाली घेतली, मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं.

"कापायला काय, कवाबी कापशील. ही गाडी सरळ पळती का, ते बघितलंस का आधी?"

बघितलं नव्हतं. विकणाऱ्याने चालवून दाखवली होती, मी मागे बसून आलो होतो.

मग दोरीची परीक्षा घेतली. ज्यांनी कधी केली नाही त्यांनी आपल्या रोजच्या गाडीवरही करून बघा. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुतळी लावायची, जमिनीपासून चाकाच्या निम्म्या उंचीपर्यंत जिथे मधे काही अडत नाही तिथे, आणि ताणून पुढच्या चाकाच्याही पुढे न्यायची. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कडांना टेकली पाहिजे. कंपनीकडून स्प्लेंडरला दोन्ही टायर २.७५-१८ येतात, म्हणजे पावणेतीन इंच रुंद, १८ इंची रिमचे. दूधवाल्याने वजनासाठी मागे ३.०० घातलेलं. फरक पाव इंचाचा, म्हणजे साधारण ६ मिमी. म्हणून पुढच्या चाकाशी दोन्हीकडे ३-३ मिमी फट दिसायला हवी होती. माझ्याकडे डावीकडे ८ निघाली आणि उजवीकडे सुतळी टायरला दाबून वाकलेली.

आधी वाटलं, एक्सल तिरका बसलाय. चेन अॅडजस्टरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका असं सगळेच सांगतात, म्हणून चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा, चेसीला जोडलेला दुहेरी दांडा) पिव्हट बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजलं. सारखं भरलं. म्हणजे एक्सल निर्दोष, चिमटाच वाकलेला. काढून तात्यांच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट लोखंडी पाटावर, ठेवला तर तीन पायांच्या स्टुलासारखा डुगडुगला. चाळीस लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच ४१ किलो होतं. असे दोन, त्यावर माणूस, आणि खाली खड्ड्यांचा रस्ता. तात्या म्हणाले, "माणसाचा कणा राहिला नसता, ह्यो तर पत्र्याचा हाय."

जुना सरळ करायचा मोह होता. तात्यांनी साफ नाही म्हटलं: एकदा वाकलेला पत्रा गरम करून सरळ केला तर पुढे कुठे दगा देईल सांगता येत नाही. नवा चिमटा, नवे बुश, दोन रविवार. परत सुतळी लावली: डावीकडे ३, उजवीकडे ३. मी तो आकडा तीनदा मोजला. सीट, टाकी, रंग, कशाचाही एवढा आनंद मला होईल असं वाटत नाही.

चेसी कापायचा विचार आता सोडलाय. एक तर मला वेल्डिंग येत नाही. दुसरं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, तो काळाच ठेवतोय. सपाट सीट आहे त्या बोल्टांवर बसेल अशी करायची, बस. आणि लंडनच्या एस कॅफेसमोर कॅफे रेसरवाली पोरं ताशी १०० मैल काढायची म्हणे. माझी ९७ सीसी खंबाटकीच्या उताराला वारा मागून असला तरी त्याच्या आसपास जाणार नाही. मग आव कशाला आणायचा!

सध्या चाक मांडीवर. ३६ स्पोकांपैकी पाच तुटके, बाकी गंजके, म्हणून सगळेच बदलतोय. जुने काढण्याआधी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवलंय, नाहीतर रिम एका बाजूला सरकते आणि नव्या सरळ चिमट्याचा काही उपयोग राहत नाही. विणकाम दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. आता आऊट, म्हणजे फिरताना चाक लचकतं ते, काढतोय. प्रत्येक स्पोक पान्याने हलकेच वाजवायचा. ढिला असला की भद्द बोलतो, ताणलेला टणकन. शेजारच्या मिरजेत सतारमेकर तारा लावतात, आणि इथे मी निपल (स्पोक ताणायचं नट) पाव-पाव आटा फिरवत कान लावून बसलोय. वर-खाली आऊट दीड मिमीवर आलाय, बाजूचा अजून तीन आहे.

चाक बसलं की टायरचा प्रश्न. मागे ३.०० च ठेवू की २.७५ वर परत येऊ? दूध आता न्यायचं नाही, पण ३.०० चं टायर नवंकोरं आहे आणि माझ्या पाकिटात क्लिप-ऑनचं भोक अजून बुजलेलं नाही. ज्यांनी स्प्लेंडरवर दोन्ही चालवून बघितलीत त्यांनी सांगा.